बाण न सोडता घेतलेली परीक्षा



आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. ज्यांची सगळी हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली, त्यांनी बॉम्बफेकी विमानांच्या सरावावर बोलावं हे जरा विचित्रच. पण निवृत्तीनंतर दुसऱ्या महायुद्धाचा आणि त्यापुढच्या काळाचा इतिहास वाचताना आमच्यासमोर एक प्रश्न आला आणि तो काही केल्या जाईना. प्रश्न असा: जे घडलंच नाही, त्याला गुण कसे देतात?

वैमानिक विमान घेऊन निघतो. ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या वाटेने लक्ष्यापाशी येतो. नेम धरला जातो, कळ दाबली जाते, आणि खाली काहीही पडत नाही. विमानात बॉम्ब नसतोच, किंवा असला तरी सोडायचा नसतो. तरीही थोड्याच वेळात जमिनीवरून त्या चमूला कळवलं जातं की तुमचा बॉम्ब लक्ष्यापासून अमुक फूट लांब, अमुक दिशेला पडला. कोणता बॉम्ब? कुठे पडला? आणि जो पडलाच नाही त्याच्यावरून एका माणसाला बढती मिळते, दुसऱ्याची जाते, हे कसं काय?

ही कल्पना आपल्याला परकी नाही. महाभारताच्या आदिपर्वात द्रोणाचार्य आपल्या शिष्यांची परीक्षा घेतात. कारागिरांकडून एक कृत्रिम पक्षी करवून घेतात आणि झाडाच्या शेंड्यावर ठेवतात. एकेकाला पुढे बोलावून धनुष्य ताणायला लावतात आणि विचारतात, काय दिसतंय? युधिष्ठिर म्हणतो, झाड दिसतं, तुम्ही दिसता, भाऊ दिसतात, पक्षीही दिसतो. द्रोण त्याला बाजूला व्हायला सांगतात. इतरांचंही तेच होतं. शेवटी अर्जुन येतो. त्याला पक्ष्याचं फक्त मस्तक दिसतं. आपल्या आजीने सांगितलेल्या गोष्टीत त्याचा डोळा झाला. मग त्याला बाण सोडायची आज्ञा मिळते.

आपण लक्षात ठेवतो तो अर्जुनाचा बाण. पण जरा बाकीच्यांकडे बघा. त्यांनी बाण सोडलाच नाही, आणि तरी त्यांचा निकाल लागला. बाण सुटायच्या क्षणी मन कुठे आहे हे गुरूला कळलं, म्हणजे तो कुठे लागेल हे कळलं, अशी ती धारणा आहे. शिवाय पक्षीही खोटा होता. ही गोष्ट मनाच्या एका कोपऱ्यात असू द्या; शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यायचं आहे.

आम्ही कॉलेजात होतो तेव्हा एनसीसी सक्तीची होती. हवालदारसाहेब काडतूस हातात देण्याआधी कित्येक दिवस रिकामीच रायफल धरायला लावत. जमिनीवर पालथं झोपायचं, श्वास रोखायचा, आणि नळीच्या टोकावर एक नाणं ठेवायचं. चाप ओढताना नाणं पडलं की समजायचं, नेम गेला. गोळी नव्हती, पण चूक लख्ख दिसायची. आम्हाला तेव्हा हा सगळा पोरखेळ वाटे. आता वाटतं, त्या नाण्यात बरंच तत्त्वज्ञान होतं.

विमानातून नेम धरणं मात्र रायफलीपेक्षा फार वेगळं. पुष्कळांची समजूत असते की विमान लक्ष्याच्या डोक्यावर आलं की बॉम्ब सोडायचा आणि तो सरळ खाली पडतो. तसं नसतं. बॉम्ब सुटतो तेव्हा त्याच्या अंगात विमानाचा वेग असतो. समजा विमान तीस हजार फुटांवर, म्हणजे साधारण नऊ किलोमीटर उंचीवर आहे आणि ताशी ४८० किलोमीटर वेगाने चाललं आहे. हवेचा विरोध सोडून हिशेब केला तर बॉम्ब जमिनीवर यायला सुमारे ४३ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तो पुढे जवळजवळ पावणेसहा किलोमीटर जातो. म्हणजे लक्ष्य पावणेसहा किलोमीटर लांब असतानाच तो सोडायला हवा. त्यात हवेचा विरोध धरा, वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळ्या दिशेने वाहणारा वारा धरा. वेगाचा अंदाज थोडा चुकला, विमान कणभर कललेलं राहिलं, तरी खाली शेकडो फुटांचा फरक पडतो.

आता यातलं मर्म बघा. एकदा बॉम्ब सुटला की वैमानिकाच्या हातात काहीच उरत नाही. त्याचं कौशल्य, त्याची चूक, सगळं त्या एका क्षणात साठवलेलं असतं: त्या क्षणी विमान कुठे होतं, किती उंचीवर, किती वेगाने, कोणत्या दिशेने. पुढचं काम गुरुत्वाकर्षण आणि वारा करतात, आणि त्यांचा हिशेब कागदावर मांडता येतो. तर मग तो क्षण बाहेरून कुणी अचूक टिपला, तर बॉम्ब टाकायची गरजच काय? आमच्या न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर, प्रत्यक्षाच्या जागी अनुमान बसवता येतं. धूर पाहून डोंगरावरचा अग्नी ओळखावा, तसा सुटण्याचा क्षण पाहून पडण्याची जागा ओळखायची.

या अनुमानाचं पहिलं यंत्र फार साधं होतं. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या काळात ब्रिटनमध्ये बॉम्बफेकीच्या शिक्षणासाठी अंधारी खोली वापरत. छपराला एक भिंग, खाली टेबल, टेबलावर पांढरा कागद. वर आकाशात विमान चाललं की त्याची इवलीशी प्रतिमा कागदावरून सरकत जायची. चित्रकार मंडळी पूर्वी निसर्गचित्र उतरवायला जी युक्ती वापरायची, तीच ही. टेबलाशी बसलेला माणूस ठरावीक अंतराने त्या प्रतिमेवर पेन्सिलीने ठिपका द्यायचा. ठिपक्यांमधल्या अंतरावरून वेग कळे, रेषेवरून दिशा. वैमानिक कळ दाबताना ठरलेली खूण करी, त्या क्षणाचा ठिपका वेगळा काढला जाई. मग कोष्टक उघडायचं आणि सांगायचं, तुझा बॉम्ब इथे पडला असता. त्याच काळात हवेतल्या बंदूकबाजीसाठी लुईस मशीनगनच्या आकाराचा कॅमेरा निघाला होता. चाप ओढला की गोळीऐवजी छायाचित्र. त्याचंही तत्त्व हेच.

‘पडला असता’. या ‘असता’वर आजचं सगळं व्याख्यान उभं आहे.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? खरा बॉम्ब टाकावा आणि कुठे पडला ते डोळ्यांनी बघावं. हा आक्षेप रास्त वाटतो, पण इतिहासाचं उत्तर थोडं अवघड जागी नेऊन सोडतं. डोळ्यांनी बघितलेलं तरी खरं असतं का?

१९४१ साल. ब्रिटिश विमानं रात्री जर्मनीवर बॉम्ब टाकत होती आणि परत येऊन वैमानिक प्रामाणिकपणे सांगत होते की लक्ष्य सापडलं, आगी दिसल्या. डेव्हिड बेन्सुसान-बट या सरकारी अधिकाऱ्याने बॉम्ब सोडताना विमानातून घेतलेली सहाशेहून अधिक छायाचित्रं तपासली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये अहवाल आला. ज्यांनी लक्ष्यावर हल्ला केल्याचं सांगितलं होतं, त्यांच्यापैकी फक्त एक तृतीयांश विमानं लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचली होती. जर्मनीच्या कारखानदारीचं केंद्र असलेल्या ऱ्हूर भागावर तर दहातलं एक. आणि पाच मैल म्हणजे थोडं नव्हे. लक्ष्याभोवती जवळजवळ दोनशे चौरस किलोमीटरचं वर्तुळ झालं ते. खरे बॉम्ब, खरे स्फोट, खरी माणसं, आणि डोळ्यांची साक्ष मात्र खोटी. कुणी खोटं बोलत नव्हतं. अंधारात, तोफांच्या माऱ्यात, दमलेल्या माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं.

अशी परीक्षा नापास झाली की माणूस काय करतो? आमच्या वाचनात तीन वाटा दिसल्या. पहिली, परीक्षा सोपी करणं. दुसरी, लक्ष्य मोठं करणं. तिसरी, पुन्हा सराव करणं. या तिन्ही वाटांनी माणसं गेली आहेत, आणि गंमत म्हणजे कधी कधी तीच माणसं.

ब्रिटनने सरावही वाढवला, हे सांगायला हवं. पुढे रात्रीच्या सरावात त्यांनी आपल्याच प्रदेशात डोळ्यांना न दिसणारे अवरक्त दिवे लक्ष्य म्हणून ठेवले. बॉम्ब ‘सोडण्याच्या’ क्षणी विमानातला कॅमेरा त्या दिव्याचा फोटो घेई आणि नेम किती चुकला ते फिल्मवर उमटे. खाली झोपलेल्या गावाला पत्ताही नसे. पण त्याआधी, १९४२च्या फेब्रुवारीत, दुसरी वाट धरली गेली होती. कारखाना टिपता येत नाही ना, मग अख्खं शहर हेच लक्ष्य ठरवा. तसा अधिकृत आदेश निघाला आणि शत्रूच्या नागरिकांचं, विशेषतः कामगारांचं मनोधैर्य खच्ची करणं हा उद्देश म्हणून नोंदवला गेला. नेम सुधारायच्या ऐवजी लक्ष्याची व्याख्याच बदलली की कुणी नापास होत नाही. त्याची किंमत कुणी मोजली हे हॅम्बुर्ग, ड्रेस्डेन या शहरांना विचारावं लागेल.

पॅसिफिकमध्येही तेच झालं. १९४५च्या जानेवारीत कर्टिस लेमे नावाचा अमेरिकी सेनानी मारियाना बेटांवर बी-२९ विमानांच्या ताफ्याचा प्रमुख म्हणून आला. तीस हजार फुटांवर जपानच्या आकाशात प्रचंड वेगाचे वारे असत आणि बॉम्ब भलतीकडेच जात. लेमेने विमानं खाली आणली, आगलावे बॉम्ब भरले आणि ९-१० मार्चच्या रात्री टोकियोवर पाठवली. त्या एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं गेली असावीत असा अंदाज आहे. हा लेमे लक्षात ठेवा. आजच्या गोष्टीतला मुख्य माणूस तोच.

युद्ध संपलं तेव्हा अणुबॉम्ब आला होता. काहींना वाटलं, आता नेमाचं महत्त्व संपलं. पण नागासाकीचं उदाहरण बघा. ९ ऑगस्ट १९४५ रोजी तिथे टाकलेला बॉम्ब ठरवलेल्या बिंदूपासून दोन मैलांच्या आसपास लांब, उराकामीच्या खोऱ्यावर फुटला. मधल्या टेकड्यांमुळे शहराचा एक भाग बराचसा वाचला, आणि खोऱ्यातली वस्ती नष्ट झाली. म्हणजे नेम चुकला तरी माणसं मेली; फक्त वेगळी मेली. कुणी मरायचं हे त्या दोन मैलांनी ठरवलं.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेत रडारने गुण देण्याची पद्धत रुजली. युद्धात विमानविरोधी तोफांना दिशा दाखवण्यासाठी एससीआर-५८४ नावाचं रडार बनलं होतं. ते आकाशातल्या विमानाचा अचूक माग काढी. तेच आता आपल्या विमानांवर रोखलं. रडारला जोडलेली लेखणी मोठ्या कागदावर विमानाची वाट रेखत जाई. लक्ष्य जवळ आलं की विमानातून बिनतारी यंत्रावर एक सलग सूर सुरू होई, आणि बॉम्ब सोडण्याच्या क्षणी तो सूर तुटे. सूर तुटला की लेखणी उचलली जाई. मग कोष्टकं, वाऱ्याच्या नोंदी, बॉम्बच्या जातीचे आकडे, आणि उत्तर. ते उत्तर सांकेतिक भाषेत विमानाला कळवलं जाई. अंधाऱ्या खोलीतल्या पेन्सिलीची जागा रडारच्या लेखणीने घेतली, एवढाच फरक. पण फायदा मोठा होता. ढग असोत, रात्र असो, परीक्षा घेता येत होती. आणि मुख्य म्हणजे आता ती कुठल्याही शहरावर घेता येत होती, कारण वरून काही पडणारच नव्हतं.

१९४८च्या ऑक्टोबरात लेमे स्ट्रॅटेजिक एअर कमांडचा प्रमुख झाला. अमेरिकेची अण्वस्त्रं वाहून नेणारं हे दल. त्याने आल्या आल्या विचारलं, आपली तयारी कशी आहे? उत्तर मिळालं, उत्तम. सरावातले गुण दाखवले गेले. गुण खरोखर चांगले होते. कुणी आकडे खोटे लिहिले नव्हते.

पण लेमेने विचारलं, हे गुण मिळाले कुठे? तेव्हा बाहेर आलं की विमानं बारा ते पंधरा हजार फुटांवरून सराव करत होती. खऱ्या युद्धात तीस हजार फुटांवरून जायचं होतं. पण तिथे थंडी, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा आणि रडारचे बिघाड, म्हणून कुणी वर जायला तयार नसे. आणि लक्ष्य काय, तर पाण्यात तराफ्यावर ठेवलेला, रडारच्या पडद्यावर ठळक चमकणारा परावर्तक. खऱ्या शहराची रडारवरची प्रतिमा म्हणजे धुरकट डागांचा गोंधळ. त्यात आपलं लक्ष्य शोधण्यातच निम्मं कौशल्य. ते कौशल्य परीक्षेत नव्हतंच.

इथे आम्हाला न्यायशास्त्रातला ‘उपाधी’ आठवतो. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे चूक. का? कारण धूर निघायला लाकूड ओलं असावं लागतं. ओलं लाकूड ही न सांगितलेली अट, म्हणजे उपाधी. ती नसेल तर अनुमान कोसळतं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ‘या चमूला चांगले गुण आहेत, म्हणून हा चमू युद्धात नेम साधेल’ हे अनुमान तसंच होतं. कमी उंची, चमकणारा परावर्तक, ओळखीची जागा या सगळ्या ओल्या लाकडाच्या अटी होत्या. आकडा खरा होता, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा. आणि ही पहिली वाट, परीक्षा सोपी करण्याची, कुणी दुष्टपणाने धरलेली नव्हती. रोज थोडी थोडी सोय बघत माणसं तिथे पोचली होती.

लेमेने वाद घातला नाही. १९४९च्या जानेवारीत हुकूम दिला: सगळ्या दलाने ओहायो राज्यातल्या डेटन शहराजवळच्या राइट फील्डवर लुटुपुटूचा हल्ला करायचा. रात्री, खऱ्या उंचीवरून, रडारने. चमूंना लक्ष्याचे जे फोटो दिले ते १९३८ सालचे होते. ही थट्टा नव्हती. सोव्हिएत शहरांचे अमेरिकेकडे असलेले फोटोही तेवढेच जुने होते, म्हणून परीक्षाही तशीच. त्यात हवा खराब निघाली.

निकाल काय लागला? ठरल्याप्रमाणे मोहीम पूर्ण करणारं एकही विमान निघालं नाही. काही उडालीच नाहीत, काही बिघडून वाटेतून परतली, काहींना शहरच सापडलं नाही. जी पोचली त्यांचे न पडलेले बॉम्ब लक्ष्यापासून मैल-दोन मैलांवर ‘पडले’. लेमेने पुढे आपल्या आठवणींत ती रात्र अमेरिकी हवाई इतिहासातली सर्वांत काळी म्हणून सांगितली आहे. जरा विचार करा. त्या रात्री एकही बॉम्ब पडला नाही, कुणी शत्रू नव्हता, आणि ज्याने टोकियो जाळलं त्या माणसाला ती रात्र सगळ्यांत काळी वाटली. कारण त्या दिवसापर्यंत सगळं दल, सगळं सरकार ज्या आकड्यांवर विसंबून होतं, ते आकडे भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होते.

मग तिसरी वाट आली. लेमेने दलाला वर नेलं, रात्री उडवलं, खऱ्या शहरांवर पाठवलं. चांगले गुण मिळवणाऱ्या चमूंना जागच्या जागी बढती देण्याची पद्धत सुरू केली. गुण घसरले की अख्ख्या चमूची बढती जाई. शहराशहरांजवळ गुण देणारी रडारं बसली. लेमेच्याच सांगण्यानुसार एका महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोवर सहाशेहून अधिक वेळा असा न दिसणारा हल्ला झाला. लोक खाली झोपलेले असत. एखाद्याला वर विमानाचा आवाज आला असेल, कूस बदलून तो पुन्हा झोपला असेल. तेवढ्यात त्याचं शहर कागदावर संपलेलं असे.

पाठांतराचा रोगही त्यांनी ओळखला. तेच लक्ष्य पुन्हा पुन्हा दिलं की चमू ते घोकून टाकतो. आपल्याकडे विद्यार्थी अपेक्षित प्रश्नसंच घोकतात तसा. म्हणून १९६०च्या दशकात गुण देणारी रडारं रेल्वेगाड्यांवर चढवली. गाडी देशभर हिंडायची, कुठल्या तरी आडगावच्या रुळावर काही आठवडे थांबायची, आणि तिथली एखादी साधी जागा लक्ष्य व्हायची. परीक्षकाने प्रश्नपत्रिका बदलत राहायला हवी, हे एखाद्या विद्यापीठापेक्षा या लष्करी दलाला आधी उमगलं, असं आम्हाला पूर्वी वर्गात म्हणायला आवडे.

आता कुणाला वाटेल की बॉम्ब न टाकण्याचा सराव म्हणजे निर्धोक सराव. खऱ्या सरावाचा धोका उघड आहे. एप्रिल १९९९ मध्ये पोर्तो रिकोच्या व्हिएकेस बेटावर अमेरिकी लष्करी विमानाचे बॉम्ब लक्ष्य चुकून निरीक्षण चौकीजवळ पडले आणि डेव्हिड सानेस हा स्थानिक पहारेकरी ठार झाला. बेटावरच्या लोकांनी मोठं आंदोलन उभारलं आणि २००३ साली तिथला सराव बंद झाला. पण बॉम्ब न टाकणाराही सराव माणसं घेतो. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून, विमानवेधी क्षेपणास्त्रांच्या भीतीने, बॉम्बफेकी विमानांना जमिनीलगत उडायला शिकवू लागले. ७ जानेवारी १९७१ रोजी एक बी-५२ विमान मिशिगन राज्यातल्या बेशोर इथल्या रडारकडून गुण घेण्यासाठी खालून येत होतं. ते मिशिगन सरोवरात कोसळलं. आतले नऊही जण गेले. थोड्याच अंतरावर बिग रॉक पॉइंटचा अणुवीज प्रकल्प चालू होता. विमान जरा वेगळीकडे वळलं असतं तर काय झालं असतं, हा पुन्हा एक ‘असता’. पण या ‘असता’चं कोष्टक कुणाकडे नव्हतं.

शेवटचा प्रसंग सांगतो. १९६६च्या सुमारास व्हिएतनाममध्ये अमेरिकेला ढगांतून, रात्री बॉम्ब टाकायचे होते. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की गुण देणारं रडार उलटंही वापरता येईल. विमानाचा माग काढून ‘तुझा बॉम्ब कुठे पडला असता’ हे जर सांगता येतं, तर तेच गणित मागे फिरवून ‘बॉम्ब इथे पाडायचा असेल तर आता सोड’ हेही सांगता येईल. तसंच केलं. एमएसक्यू-७७ नावाची रडारं दक्षिण व्हिएतनाम आणि थायलंडमध्ये बसली आणि त्यांच्या सांगण्यावरून बी-५२ विमानं खरे बॉम्ब टाकू लागली. वैमानिकाला खालचं काही दिसत नसे. जमिनीवरचा माणूस आकडे मोजत सांगे आणि कळ दाबली जाई. असंच एक केंद्र लाओसमधल्या फू पा थी या डोंगरमाथ्यावर होतं. मार्च १९६८ मध्ये उत्तर व्हिएतनामी सैनिक रात्री कडा चढून आले आणि तिथले बरेच अमेरिकी तंत्रज्ञ मारले गेले. परीक्षकाची खोली रणांगण झाली होती.

या घटनेवर आम्ही बराच काळ विचार केला. परीक्षेचं यंत्र आणि युद्धाचं यंत्र एकच निघालं, आणि दोन्हीकडे माणसाचा अनुभव हुबेहूब सारखा होता. नेब्रास्कावर असो की व्हिएतनामवर, खाली ढग, कानात सूर किंवा आवाज, बोटाखाली कळ, आणि नंतर एक आकडा. वर्षानुवर्षं ज्याने कळ दाबली आणि खाली काहीच झालं नाही, त्याला एके दिवशी तीच कळ दाबल्यावर खाली गाव उद्ध्वस्त होतं, हे हाताला कळणार कसं? सरावाचा हेतूच असतो की खऱ्या वेळी हाताला फरक कळू नये. तो हेतू सफळ झाला, असंच म्हणायला हवं.

आज विमानाचा संगणकच क्षणोक्षणी पडण्याची जागा वैमानिकासमोरच्या काचेवर दाखवतो आणि सगळं चित्रित होतं. उतरल्यावर चमू ती फिल्म बघतो आणि न पडलेल्या बॉम्बवर चर्चा करतो. आकडे पूर्वीपेक्षा फार अचूक आहेत. पण ओल्या लाकडाचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. सरावात लक्ष्य ठरवून दिलेलं असतं. खऱ्या युद्धात लक्ष्य म्हणून दाखवलेलं घर खरंच शस्त्रांचं कोठार आहे की कुणाचं राहतं घर, हा प्रश्न नेमाच्या आधी येतो, आणि त्याला गुण देणारं रडार अजून तरी निघालेलं नाही. अचूक नेमाने चुकीचं घर पाडलं तरी त्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण पडतात.

आता द्रोणांकडे परत येऊ. अर्जुनाला फक्त मस्तक दिसलं म्हणून तो पास झाला. धनुर्धराने असंच असावं, यात आमचा वाद नाही. ज्याचं लक्ष उडालं त्याचा बाण भलत्याला लागतो. पण डेटनच्या रात्री लेमेने काय केलं? त्याने आकड्याकडे एकटक बघितलं नाही. उंची बघितली, थंडी बघितली, जुने फोटो बघितले, तराफ्यावरचा परावर्तक बघितला. म्हणजे त्याने झाड बघितलं. परीक्षा घेणाऱ्याला आणि परीक्षेवर विसंबणाऱ्याला युधिष्ठिराचीच दृष्टी लागते. लेमेचीही दृष्टी झाडापाशी थांबली. झाडाखाली उभी असलेली माणसं त्याच्या हिशेबात फारशी आली नाहीत. टोकियो त्याची साक्ष आहे.

युधिष्ठिराने सांगितलं होतं, झाड दिसतं, तुम्ही दिसता, भाऊ दिसतात. आपण लहानपणापासून ते नापास उत्तर म्हणून ऐकत आलो. पण पुढे काय झालं आठवा. कुरुक्षेत्रावर बाण सुटले तेव्हा समोर कृत्रिम पक्षी नव्हता. गुरू होते, भाऊ होते. आणि धनुष्य खाली ठेवून रथात बसला तो अर्जुनच. ज्याला परीक्षेच्या दिवशी यातलं काहीच दिसलं नव्हतं.

आम्हाला जे म्हणायचं होतं ते एवढंच. वेळ बरीच झाली आहे, इथे थांबतो. कुणाचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.